सात ओळी, बहात्तर दिवस

कुडाळच्या बाजारपेठेत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, भजनी मंडळांचे फलक, प्रतिज्ञापत्रं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जूनमध्ये दाखल्यांचे अर्ज. दोन्ही मशीनवर बरीच वर्षं लिब्रेऑफिस (पत्रं, तक्ते करायचं फुकट, खुल्या कोडचं सॉफ्टवेअर) चालतं. सुरुवातीचं कारण सरळ होतं: विकतचं परवडत नव्हतं आणि चोरीचं नको होतं. नंतर हात बसला.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याच लिब्रेऑफिसच्या कोडमध्ये माझ्या सात ओळी गेल्या. सातच. त्याला दिवस लागले बहात्तर. दिवाळीनंतर माझ्या भाचीनं तेवढंच काम एकवीस दिवसांत केलं. ती माझ्यापेक्षा हुशार आहे हे खरं, पण माझे दिवस कुठे कुठे वाया गेले ते तिला आधीच कळलं होतं, हेही खरं. ते सगळं इथे तारीखवार लिहून ठेवतो.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे कुणी बिचकायला नको. २००३ चा कॉम्प्युटर डिप्लोमा. आमचं सी++ म्हणजे निळ्या पडद्याचं टर्बो सी, वर ‘कोनिओ’, खाली ‘व्हॉइड मेन’, आणि तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून पाठ केलेला इनहेरिटन्स. त्यानंतर वीस वर्षं एक ओळ लिहिली नव्हती.

१४ जुलै २०२४, रविवार. पाऊस असा की समोरचं दुकान दिसत नव्हतं. गिऱ्हाईक नाही. पूर्वी कधीतरी मी लिब्रेऑफिसच्या बगझिलावर (चुका नोंदवायची जागा) एक तक्रार नोंदवली होती. दोन दिवसांत कुणीतरी परदेशातून ‘नमुन्याची फाइल द्याल का’ म्हणून विचारलं होतं, आणि शेवटी ती तक्रार आधीच्याच एका तक्रारीची पुनरावृत्ती निघाली. पण विचारणाऱ्याचा सूर लक्षात राहिला होता. तीच जुनी नोंद चाळताना बाजूला एक शब्द दिसला: ‘ईझी हॅक’. टिचकी मारली आणि यादी उघडली.

ईझी हॅक म्हणजे नवख्यांसाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवलेली कामं. प्रत्येकावर तीन खुणा असतात: काम किती अवघड, कोणती भाषा यायला हवी, आणि कोडच्या कोणत्या भागात. वर बहुधा ‘इथे बघा’ म्हणून फायलींची नावंही दिलेली असतात. ही प्रथा प्रकल्पाच्या जन्मापासूनची, म्हणजे २०१० पासूनची. त्यातलं एक काम ऐकून मला हसू आलं होतं: कोडमधल्या जर्मन टिपांचं इंग्रजी भाषांतर. ह्या सॉफ्टवेअरचं मूळ जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग गावातलं. १९८५ मध्ये तिथे स्टार डिव्हिजन नावाची कंपनी निघाली, १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ती घेतली, २००० मध्ये कोड खुला झाला. ल्युनेबुर्गच्या माणसांनी स्वतःसाठी लिहिलेल्या जर्मन टिपा मात्र कोडमध्ये तशाच राहिल्या, आणि पुढे कित्येक वर्षं नवी माणसं त्या टिपा एकेक करून इंग्रजीत आणत होती. फोल्डरांची नावंही त्याच काळातली: रायटरचं (मजकूर लिहायचा भाग) ‘एसडब्ल्यू’, कॅल्कचं (तक्त्यांचा भाग) ‘एससी’, म्हणजे स्टाररायटर आणि स्टारकॅल्क. हे कुणी आधी सांगितलं असतं तर रायटरचा कोड शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली नसती.

पहिले चार दिवस मी नुसता यादी वाचत बसलो. लग्नाच्या बस्त्याला गेलेलं कुटुंब साड्या उलगडून बघतं तसं. हे नको, ते अवघड, हे आवडलं पण कुणीतरी धरलंय. शेवटी जे घेतलं ते सगळ्यात रटाळ होतं आणि म्हणूनच योग्य होतं: क्रमांक १४७०२१. ॲरेमध्ये (घटकांच्या यादीत) घटक किती हे मोजायला कोडमध्ये जुना एक मॅक्रो (नाव दिलेला तयार तुकडा) वापरलेला आहे, ‘सॅल एन एलिमेंट्स’. सी++ च्या २०१७ च्या आवृत्तीत ती सोय भाषेतच आली, ‘एसटीडी साइझ’. जुना काढा, नवा घाला. अशी ठिकाणं शेकड्यांनी, त्यामुळे हे काम अनेकांत वाटून चालतं. त्यावर स्वतःचं नाव लावायचं नसतं. दोन-तीन फायली घ्यायच्या आणि करायच्या. मी घेतलेल्या पहिल्या फायलीवर दुसऱ्या कुणाचा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) आधीच तपासणीत पडून होता, हे दोन दिवसांनी कळलं. फाइल निवडली की गेरिटवर (पॅच जिथे तपासले जातात ती जागा) त्या क्रमांकाचे उघडे पॅच आधी बघावेत. पाच मिनिटांचं काम आहे.

मग मशीन. लॅपटॉप २०१७ चा, चार जीबी रॅम, आत फिरती हार्ड डिस्क. ह्याच्यावर लिब्रेऑफिस बिल्ड करायचं (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करायचं) म्हणजे होडीतून ट्रक नेण्यासारखं. १९ जुलैला एसटीनं म्हापशाला गेलो. आठ जीबीची रॅम १,८५० रुपये, एसएसडी २,९०० रुपये. जाणं-येणं आणि वाटेतली मिसळ धरून खर्च पाच हजारांच्या आसपास. ह्या सगळ्या उद्योगात खिशातून गेलेले मोठे पैसे एवढेच. दुकानाची बॅटरी बदलायची राहिली होती. बायको काही बोलली नाही. हिशेबाच्या वहीत मात्र तिनं ‘लॅपटॉप (छंद)’ असं लिहिलं.

२१ जुलैला कोड उतरवायला बसलो. गिटची (कोड आणि त्याचा इतिहास सांभाळणारं साधन) एक खोड मला माहीत नव्हती: पहिलं उतरवणं मध्येच तुटलं की ते पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू होतं. आमच्याकडे पावसात इंटरनेटची केबल दर दोन तासांनी मान टाकते. तीन वेळा ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाऊन तुटलं. चौथ्या वेळी शोधलं की ‘डेप्थ’ एक दिली तर पंचवीस वर्षांचा इतिहास न आणता फक्त आजची अवस्था येते. ती तासाभरात आली. इतिहास नंतर कधी रात्री आणता येतो.

पुढची पायरी ‘ऑटोजेन’. ही स्क्रिप्ट मशीनवर काय आहे, काय नाही ते तपासते आणि नसलेल्या पहिल्या गोष्टीपाशी थांबते. तलाठी कार्यालयात जसं ‘हा कागद नाही’ म्हणतात, तो घेऊन गेलं की ‘हाही नाही’. मी एकेक पॅकेज बसवत दोन संध्याकाळी घालवल्या. नंतर कळलं की उबंटूत सोर्स रेपॉझिटरीची खूण चालू करून ‘बिल्ड-डेप’ हा एक हुकूम दिला की जवळजवळ सगळं एकदम येतं. माझं उबंटूही जुनं होतं, त्यामुळे कंपायलर वेगळा चढवावा लागला. जावा मी वगळली. पर्यायांच्या फायलीत ‘विदाउट जावा’ एवढं लिहिलं की झालं. पहिल्या पॅचला जावा लागत नाही.

२७ जुलै, शनिवार, रात्री साडेनऊला ‘मेक’ (बिल्ड सुरू करायचा हुकूम) दिलं. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या आणि पंखा असा ओरडायला लागला की मुलगा दाराशी येऊन बघून गेला. उशाशी स्टूल घेऊन त्यावर लॅपटॉप ठेवला आणि झोपलो. तीन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. बॅटरी चाळीस मिनिटं चालली. काळोखात पंखा बारीक होत होत थांबला तेव्हा मी जागाच होतो.

सकाळी आठला वीज आली. पाच-सहा तास पाण्यात गेले असं धरून, चहा पुढ्यात घेऊन, परत ‘मेक’ दिलं. ते जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. झालेल्या फायली त्यानं परत केल्याच नाहीत. टर्बो सीच्या पिढीला हे कुणी शिकवलं नव्हतं. बिल्ड अर्ध्यात तुटलं तर घाबरून ‘क्लीन’ (झालेलं सगळं पुसणारा हुकूम) देऊ नका, हा माझ्याकडचा सगळ्यात महागडा सल्ला.

रविवारी संध्याकाळी साडेपाचला संपलं. मधला काळोख वगळून जवळजवळ सोळा तास आणि वीसेक जीबी जागा. उघडलं तर वर ‘लिब्रेऑफिसडेव्ह’ लिहिलेलं. हे माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर शिजलेलं रायटर! बायकोला बोलावून दाखवलं. तिनं एक मिनिट बघितलं.

“हे तर आपल्याकडे होतंच ना?”

होतंच.

त्यानंतरचा आठवडा कागदपत्रांचा. ह्या भागाला कुणी घाबरू नये म्हणून जरा सविस्तर सांगतो. खाती दोन लागतात, बगझिलाचं आणि गेरिटचं. तुमचा ईमेल पॅचला कायमचा चिकटतो आणि जगाला दिसतो, नंतर पुसता येत नाही. म्हणून वेगळा पत्ता काढा. मी दुकानाचा दिला, आणि आता त्यावर परदेशी नोकऱ्यांची फसवी पत्रं येतात. एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी दोन फायलींची जोडी) तयार करून तिचा सार्वजनिक अर्धा गेरिटवर चिकटवायचा. दोन अर्ध्यांपैकी ज्या फाइलच्या शेवटी ‘पब’ असतं तोच. दुसरा कुणालाही द्यायचा नाही, मलाही नाही.

मग परवान्याचं पत्र. आपण दिलेला कोड प्रकल्पानं कोणत्या अटींवर वापरावा, ते सांगणारं एक वाक्य प्रकल्पाच्या सार्वजनिक मेलिंग लिस्टवर पाठवावं लागतं: माझं आजवरचं आणि यापुढचं योगदान एमपीएल दोन आणि एलजीपीएल तीन किंवा पुढच्या आवृत्तीखाली वापरायला हरकत नाही. वाक्य तयार मिळतं, ते उतरवून खाली नाव घालायचं. शिक्का नाही, सही नाही, नोटरी नाही. हक्क आपलेच राहतात, आपण परवानगी देतो. मी, ज्याच्या दुकानात दिवसाला दहा प्रतिज्ञापत्रं टाइप होतात, तो मी ह्या दोन ओळींवर तीन दिवस बसलो. इंग्रजी चुकलं तर? जर्मनीतली माणसं हसली तर? शेवटी ५ ऑगस्टला पाठवलं. कुणी हसलं नाही. कुणी काही बोललंच नाही, नोंद झाली.

‘लोगेरिट’ म्हणून एक छोटी स्क्रिप्ट कोडबरोबरच येते. ‘सेटअप’ दिलं की ती गेरिटशी जोडणी करून देते, ‘टेस्ट’ दिलं की जोडणी झाली का ते सांगते. माझी होईना. किल्ली परत केली, खातं परत तपासलं, दोन दिवस गेले. अखेर लक्षात आलं की गेरिटचं एसएसएच २९४१८ ह्या पोर्टवर (जोडणीचं क्रमांकाचं दार) चालतं आणि दुकानातल्या जोडणीवर तो पोर्ट बंद होता. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, पहिल्या फटक्यात जोडलं गेलं. कॉलेजांच्या नि ऑफिसांच्या वायफायवर हेच होतं असं नंतर बऱ्याच जणांकडून ऐकलं.

११ ऑगस्ट, रविवार, दुपारी पहिला पॅच पाठवला. बदलायच्या ओळी सात. गेरिटवर दिसल्या एकसष्ट.

माझ्या एडिटरनं मोठ्या आज्ञाधारकपणे तिन्ही फायलींतल्या ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा छाटून टाकल्या होत्या. पाठवण्याआधी ‘गिट डिफ’ (काय काय बदललं ते दाखवणारा हुकूम) मी बघितलंच नव्हतं. पत्रिका छापायला देण्याआधी प्रूफ वाचायचं असतं, हे वीस वर्षं दुसऱ्यांना सांगणारा माणूस मी.

रात्री अकराला तपासणाऱ्याचं उत्तर आलं. चार मुद्दे. पहिला: रिकाम्या जागांचे बदल काढा. दुसरा: ह्या लूपमध्ये ‘आय’ फक्त पुढचा घटक उचलायला वापरलाय, मग मोजता कशाला, घटकांवरून सरळ फिरणारं ‘फॉर’ वापरा. तिसरा: ‘इटरेटर’ हे हेडर (भाषेतल्या सोयी आत आणणारी फाइल) जोडा. चौथा: काय बदललं ते पॅचबरोबरच्या संदेशात आहे, का बदललं ते नाही. प्रत्येक मुद्दा एका ओळीचा. नमस्कार नाही, ‘छान प्रयत्न’ नाही.

कान तापले. मेल बंद केला आणि दोन दिवस उघडला नाही. आज तो परत वाचतो तेव्हा त्यात रागाचा शब्द सापडत नाही. त्या माणसानं रविवारची संध्याकाळ माझ्या एकसष्ट ओळी वाचण्यात घालवली होती. त्या दोन दिवसांत मात्र मला त्यात फक्त डिप्लोमाचे मास्तर दिसत होते.

दुसरा मुद्दा जवळून बघण्यासारखा आहे. जुना लूप म्हणायचा: शून्यापासून सुरू कर, यादीत जितके घटक तितक्या वेळा फिर, प्रत्येक वेळी त्या क्रमांकाचा घटक काढ. मी त्यातलं ‘जितके’ मोजायचं साधन बदललं होतं, आणि कामही तेवढंच लिहिलेलं होतं. तपासणाऱ्यानं विचारलं की मोजायचंच कशाला. पंगतीत वाढताना आपण ‘आता सातवं पान’ म्हणत नाही, पुढच्या पानावर वाढतो. दोन लूपमधून मोजणी निघूनच गेली आणि मॅक्रोचा प्रश्नही त्याबरोबर गेला. टर्बो सीच्या काळात हे ‘फॉर’ नव्हतंच; माझं सी++ त्या एका ओळीत वीस वर्षं पुढे आलं.

तिसऱ्या मुद्द्यावर मी मनात हुज्जत घातली. हेडर नसताना माझ्याकडे चालतंय की! पण पॅच गेला की जेनकिन्स तो वेगवेगळ्या प्रणालींवर बिल्ड करून बघतं, आणि विंडोजवर लाल दिवा लागला होता. माझ्या लिनक्सवर ते हेडर दुसऱ्या कुठल्या तरी हेडरच्या पदराला धरून आत आलं होतं. विंडोजवर तसं झालं नाही.

दुरुस्ती करून पाठवतानाही चुकलो. जुन्याच कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलात) सुधारणा करायची असते, त्यासाठी ‘अमेंड’. मी नवं कमिट केलं. गेरिट पॅच ओळखतं ते संदेशाच्या तळाशी असलेल्या ‘चेंज-आयडी’वरून, नव्या कमिटला नवा आयडी मिळाला आणि पहिल्याच्या शेजारी माझा दुसराच पॅच उभा राहिला. तो ‘अबँडन’ करून १८ ऑगस्टला दोन्ही एकत्र करून, आयडी जपून, परत पाठवला. आता ओळी सातच. जेनकिन्स हिरवं.

आणि मग शांतता. २५ ऑगस्ट, काही नाही. १ सप्टेंबर, काही नाही. ७ सप्टेंबरला गणपती आले. कोकणात गणपतीत काय होतं ते सांगायला नको. आधीचे पंधरा दिवस दुकानात आरती-संग्रह आणि भजनाच्या बाऱ्यांचे फलक, पुढे घरात पाहुणे. पण रोज रात्री मोबाइलवर गेरिट उघडून बघायचो. विचारावं का? त्यांना कामं असतील. मागे लागणं बरं दिसत नाही. ‘साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारलं की अर्ज खाली जातो, हा अनुभव आपल्या रक्तातच असतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार, रात्री दहाला आयआरसीवर (गप्पांचं जुनं माध्यम) लिब्रेऑफिसच्या डेव्हलपर खोलीत गेलो. आपले रात्रीचे दहा म्हणजे उन्हाळ्यात जर्मनीतले साडेसहा. दोन ओळी लिहिल्या आणि खिडकी उघडी ठेवून प्रश्नपत्रिका टाइप करत बसलो. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं: दुरुस्तीनंतर तुम्ही कुणाला तपासायला लावलंच नाही, आणि मूळ कोड पुढे गेलाय, एकदा ‘रिबेस’ करा (पॅच नव्या कोडवर परत बसवा). पहिला तपासनीस त्याच्या फुरसतीत आपणहून आला होता. पुन्हा हाक मारायचं काम माझं होतं. तेहेतीस दिवस मी भिडेपोटी गप्प होतो आणि पॅच कुणाच्याच समोर नव्हता. आयआरसीवर पुष्कळ जण प्रश्न टाकून दोन मिनिटांत निघून जातात, उत्तर त्यांच्या पश्चात येतं. तिथे चूल पेटवून बसायची तयारी ठेवावी.

२४ सप्टेंबरला रात्री एक वाजून वीस मिनिटांनी मेल आला: ‘मर्ज्ड’, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये गेला. घरात सगळे झोपलेले. उठून पाणी प्यालो आणि झोपलो.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबरला, सावंतवाडीला ताईकडे गेलो. भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. फराळ झाल्यावर मी तिला गेरिटवरचं पान दाखवलं. थोडी मिरवायची हौस होतीच, खोटं कशाला सांगू. तिनं मोबाइल हातातून घेतला.

“मामा, हे मला जमेल?”

तिच्यामागे तिच्या दोन मैत्रिणीही आल्या. एकीनं आधी एक प्रयत्न केलेला होता: कुठल्याशा व्हिडिओत बघून एका नामांकित प्रकल्पाच्या रीडमी फाइलमध्ये (प्रकल्पाची ओळख सांगणारी फाइल) स्वतःचं नाव घालून पाठवलं होतं. तिकडून ‘स्पॅम’ असा शेरा बसला आणि तिनं ओपन सोर्सचं नाव टाकलं. व्हिडिओवाल्यानं ते सरावासाठी म्हणून दाखवलं होतं. सराव कुणाच्या अंगणात करायचा ते सांगितलं नव्हतं.

१० नोव्हेंबरपासून रविवारी दुपारी आम्ही दुकानात बसायला लागलो. शटर अर्धं खाली. मी येताना एका डिस्कवर अख्खा कोड आणि बिल्ड करताना बाहेरून उतरणाऱ्या लायब्ररींचं फोल्डर भरून आणलं होतं, त्यामुळे इंटरनेटवर अवलंबून राहायला लागलं नाही. एवढंच उचलावं, बिल्ड झालेलं फोल्डर एका मशीनवरून दुसऱ्यावर नेऊन चालत नाही, आत जुने पत्ते लिहिलेले असतात.

क्रम मी उलटा केला. पहिल्या रविवारी कोडला हातच लावायचा नाही. खाती, किल्ली, परवान्याचं पत्र, हॉटस्पॉटवरून ‘लोगेरिट टेस्ट’. चार तासांत तिघींचं झालं. रात्री घरी बिल्ड लावून झोपायचं. माझ्याकडून जे एकामागे एक झालं ते त्यांचं शेजारी शेजारी झालं.

प्रश्न मात्र त्यांनी स्वतः विचारायचे आणि सगळ्यांसमोर विचारायचे, मी मध्यस्थ होणार नाही, असं ठरवलं. भाचीनं पहिला मजकूर लिहून आणला: ‘रिस्पेक्टेड सर, गुड इव्हनिंग सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड सर, प्लीज असाइन मी सर.’ चार ‘सर’, प्रश्न शून्य. आम्ही तो अर्ध्या तासात उलगडला. मी हे करत होते. हा हुकूम दिला. हे अपेक्षित होतं. हे दिसलं. इथपर्यंत शोधलं. पाच वाक्यं, एकही सर नाही. तिला ते उद्धट वाटत होतं. “त्यांना वाईट वाटलं तर?” म्हणून तिनं शेवटी ‘थँक्स’ तेवढं ठेवलं. उत्तर वीस मिनिटांत आलं, आणि उत्तर देणारी बाई होती.

माझी एक चूक इथे झाली. दुसऱ्या रविवारी ‘अमेंड’ आलं तेव्हा मी सवयीनं भाचीच्या हातातला कीबोर्ड ओढला आणि स्वतः करून दाखवलं. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती आली आणि तिला काहीच आठवेना. मग हात मागे बांधून बसलो. ते गिऱ्हाइकाला स्वतः टाइप करू देण्याइतकं कठीण असतं.

दुसरी मुलगी, रीडमीवाली, वेगानं निघाली होती. तपासणाऱ्याचा शेरा आला की ती तो चॅटबॉटला द्यायची आणि आलेला कोड तसाच पाठवायची. तिसऱ्या फेरीला तपासणाऱ्यानं एवढंच विचारलं: हे तुम्ही बिल्ड करून पाहिलंत का? पाहिलं नव्हतं. तिनं आमच्याकडे बघितलं. मी म्हटलं, खरं ते लिही. ‘नाही, सॉरी, करून परत पाठवते’ असं तिनं लिहिलं, रात्रभर बिल्ड लावलं, आणि जानेवारीत तिचा पॅच गेला.

तिसरीला कोडमध्ये रस नव्हता, हे दुसऱ्याच रविवारी कळलं. ती गप्प बसून माझ्या मागच्या कपाटावरचे फलक वाचायची. तिला मी तपासणीच्या कामाकडे वळवलं: बगझिलावर ‘अनकन्फर्म्ड’ पडलेल्या तक्रारी घ्यायच्या, सांगितलेल्या पायऱ्या आपल्या मशीनवर करून बघायच्या, आणि तसंच होतं की नाही ते आवृत्तीच्या नावासकट लिहायचं. ह्याला सी++ लागत नाही, सोळा तासांचं बिल्ड लागत नाही, पण नजर लागते. देवनागरीच्या तक्रारींत तिची नजर बसली. ‘कैऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ असे शब्द टाइप करून, तीन-चार फाँट फिरवून, पीडीएफ काढून ती बघत राहते. अर्धा ‘र’ कुठे रफार होऊन डोक्यावर जातो ते तिला माझ्याआधी दिसतं, आणि मी ह्या अक्षरांवर पोट भरतो. तिघींपैकी आजही नेमानं काम करते ती तीच.

भाचीचा पॅच १ डिसेंबरला गेला. तिनं फोन केला तेव्हा मी एका वाढदिवसाच्या फलकावरची ‘भावी सरपंच’ ही अक्षरं मोठी करत होतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये लिब्रेऑफिसची २५.२ आवृत्ती आली. माझे आणि भाचीचे बदल तिच्यात आहेत. दुकानातल्या दोन्ही मशीनवर ती चढवली, रायटर उघडला, सगळं होतं तसंच होतं. मॅक्रो बदलल्यानं काही दिसायचं नसतंच. समोर पिंगुळीचे एक गृहस्थ बसले होते, मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला. पहिलं प्रूफ काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग बोट ठेवलं.

“बाकी ठीक आहे हो. फक्त मामाचं नाव जरा मोठं करा.”